न चावणारी ओळ

कोसबाडजवळच्या आमच्या संशोधनाच्या प्लॉटवर गवतापेक्षा किस्से भराभर वाढतात. गवत निदान कापता तरी येतं!

आम्ही चाऱ्याच्या नेपियर गवताच्या कांड्यांना गॅमा किरणं देतो. बऱ्याच मरतात, काही खुरटतात, एखादीत नवा गुण येतो.

* * *

मुंबईहून किरणं देऊन आणलेलं पोतं घेऊन मी चारोटीला एसटीत चढले. कंडक्टर म्हणाला, "यात काय?"

घाबरले की मी खरं बोलते. "रेडिएशन दिलेलं गवत."

निम्मी बस उभी राहिली, "उतरवा ते पोतं!" मी ओरडले, "अहो, एक्स-रे काढल्यासारखं! आत काही राहत नाही!"

शेजारची आजी पोत्यावर हात ठेवून कंडक्टरला म्हणाली, "माझ्या गुडघ्याचे किती एक्स-रे काढलेत. मला पण उतरवता काय?"

* * *

शेजारच्या चिकूच्या वाडीचे काका कुंपणाशी आले. "आमच्या चिकूला काय होणार नाही ना?"

"नाही काका, किरणं मुंबईलाच राहिली."

काकांनी आपल्या झाडांकडे पाहिलं. "थोडी आणायचीत की! फळं मोठी झाली असती."

* * *

एकदा गवतात सळसळलं. साप! मी किंचाळत बांधापर्यंत पळाले. गवतातून आमचे सर उठले, हातात मोजपट्टी.

"मॅडम, शास्त्रज्ञाने असं घाबरायचं नसतं."

"सर, शास्त्रज्ञाने असं न सांगता गवतात बसायचं नसतं!"

* * *

सगळ्या ओळी डोक्यावर गेल्या, एक मात्र छातीएवढीच राहिली. पण तिच्या पानांवर ती खाजरी लव नाही, कडांना धार नाही. गवत कापणाऱ्या मंगलीताईचे हात कायम ओरखडलेले. ती ओळ कापताना थबकलीच. "ही चावत नाय गो!"

तेव्हापासून त्या ओळीसाठी बायकांची भांडणं.

सर म्हणाले, "वजन कमी भरतं. उपटा."

"नाही उपटणार!" आवाज ऐकून मीच दचकले. माझाच होता.

* * *

मग वरचे साहेब तपासणीला आले. सरांनी तीच ओळ दाखवली. "ही आज काढतोय." मी मध्येच म्हणाले, "पण हिनं खाज येत नाही, साहेब!"

"काढाच," साहेब म्हणाले. "चारा किलोत मोजतात, मॅडम. खाज कशात मोजणार?"

मी मंगलीताईचा विळा घेतला. तो साहेबांपुढे केला. "बाह्या वर करा, साहेब. आधी उंच ओळ कापा, मग ही. मग सांगा कुठली उपटू."

 साहेब हसले, विळा घेतला आणि उंच ओळीत शिरले.

बाहेर आले ते कोपरापर्यंत लाल होऊन. "पाणी! पाणी कुठंय?"

नळासमोर सगळ्या बायका कंबरेवर हात ठेवून उभ्या. मीही जाऊन त्यांच्यात उभी राहिले.

"अजून एक ओळ राहिलीय, साहेब!"