तानाबाईच्या चण्याची पुडी

तानाबाईले मी 'गुत्त्याची महाराणी' म्हणते. काऊन? तर धामणगाव बढ्याच्या पुढं आमचं गाव, अन् गावात देशी दारूचं दुकान. त्या दुकानाच्या दारात ही बाई एकोणीस वर्षं टोपली घेऊन बसली. उकडलेले चणे, वरून कांदा, तिखट, लिंबू, कागदाची पुडी. पिणारे पुडी घेत अन् आत जात. महाराणीनं मात्र उंबरा कधी ओलांडला नाही. विहारात पंचशील घेणारी बाई, त्यातलं पाचवं शील दारूले न शिवण्याचं. वास आला तरी पदर नाकाले.

तिचा नवरा दयाराम आतच राहे. बायको भाईर, नवरा आत, मधात भिंत. मी म्हणो, "तुमच्यासारखा संसार नाई वं कोनाचा, भांडायलेही भिंत मधात." हासे बिचारी.

'दारू सोड' म्हणून-म्हणून ती थकली. शेवटी एकच कबूल करून घेतलं त्याच्यापासून: रिकाम्या पोटी प्यायची नाही. रोज आत जाताना त्याच्या हातात एक पुडी ठेवे, सगळ्यात मोठी.

मागच्या उन्हाळ्यात त्याचं लिव्हर गेलं, अन् मागोमाग तो. दवाखान्यात डॉक्टरनं इचारलं, "काही खात होता, का नुसताच प्यायचा?"

"रोज खाये," तानाबाई म्हणाली. "माह्या हातचे चणे."

डॉक्टरनं नाही पटल्यासारखी मान हलवली. तवापासून तिले झोप नाही. तो खाये का नाही खाये, एवढंच तिच्या डोक्यात.

यंदा आम्ही बायकायनं दुकान बंद करायसाठी मतदान घ्यायले लावलं. चिठ्ठीवर दोन बाटल्या, एक उभी, एक आडवी. बंद पाह्यजे तर आडवीवर शिक्का. घरोघरी तोंड वाजवत फिरणारी मीच. पण तानाबाईच्या दारात माह्यं तोंड शिवलं गेलं. तिचं पोट उभ्या बाटलीवर. तिनंच मतदान करून येताना मले गाठलं.

"आडवी केली वं संजीवनी. झोपू दे आता तिले."

आडवी जिंकली. दुकानाच्या शेवटच्या दिवशी भर दुपारी तानाबाई माह्या दारात उभी. हातात एक पुडी.

"चाल, आत जाऊ."

"कुठी?"

"गुत्त्यात. उद्या कुलूप लागते. मंग कोनाले इचारू?"

"पाचवं शील चपलीजवळ काढून ठेवजो मंग," मी म्हटलं. हासली नाही ती.

आत संत्रा दारूचा कुबट वास, दोन बाकं, जाळीमागं म्हातारा कारभारी. चार गिऱ्हाईकं आम्हाले पाहून अशी उठली जशी शाळेत मास्तरीण आली. उकंडरावनं तर गिलास पाठीमागं लपवला.

"बस बाप्पा," मी म्हटलं, "तुह्यी सोयरीक मोडायले नाई आलो आम्ही."

"तो कुठी बसे?" तानाबाईनं इचारलं.

कारभाऱ्यानं कोपरा दाखवला. भिंतीवर डोक्याच्या तेलाचा काळा डाग. तानाबाई तिथंच बसली, भिंतीवर हात ठेवला. पलीकडं तिच्याच टोपलीची जागा.

"भाऊ, खरं सांगजा. चणे खाये का तो?"

म्हाताऱ्याले वाटलं, बाईले बरं वाटंल असं सांगावं. "अवो वहिनी! तुमच्या चण्याची तारीफ त्याच्याच तोंडून ऐकली आमी. पुडी उघडे अन् सगळ्याईले वाटे. नवा माणूस आला की पह्यले त्याले. म्हणे, 'चाखून पाय, माह्या बायकोच्या हातची चव, अन् जाय भाईर, घे एक पुडी.' तुमचं अर्धं गिऱ्हाईक त्यानंच जोडलं."

"मलेही ती चव त्यानंच लावली," उकंडराव हळूच म्हणाला.

"अन् तो?"

"तो... पुडी रिकामी झाली की गिलास उचले."

"एक दाणा तरी?"

कारभारी गिलास पुसत राह्यला. कोरडाच होता तो. "मी तं नाई पाह्यलं, वहिनी."

तानाबाई उठली. हातातली पुडी तशीच मुठीत. भाईर आल्यावर एवढंच म्हणाली, "येडा." टोपली उचलली, अन् घरची वाट धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाले कुलूप लागलं, अन् माह्या दारात तानाबाई, कडेवर पातेलं. उकडलेले चणे, काठोकाठ.

"सवयीनं भिजवले वं. आता कुठी बसू?"

ते कुलूप लावायले मीच घरोघरी फिरली होती. म्हटलं, "आत ये. दे मले."

ताटलीत चणे घेतले. भूक नव्हती. ती माह्यासमोर उकिडवी बसली, अन् माह्या तोंडाकडे पाहत राह्यली.

"गीळ ना वं," म्हणाली. "नुसती चावू नको. गीळ."

मी गिळत गेली. ताटली रिकामी होईपर्यंत ती हलली नाही. मंग तिनं पातेल्यातून अजून एक मूठ वाढली.