पिवळं कमी केलेले फोटो

लातूरच्या आमच्या कलर लॅबचे मालक दोघं: मी आणि उदगीरचा माझा भागीदार. तो माझ्याहून दहा वर्षांनी लहान, मला दादा म्हणायचा. एकदा त्यानं कॅलिब्रेटर विकत आणला. उंदराएवढं यंत्र. स्क्रीनवर टेकवलं की रंग मोजायचं, प्रिंटरनं काढलेल्या रंगपट्ट्याही वाचायचं आणि दोन्हींचा मेळ घालून द्यायचं. मला ते पहिल्या दिवसापासून डोळ्यात खुपलं. डार्करूमच्या काळापासून रंगात हात घातलेला माणूस मी. लाल कोणतं आणि भगवं कोणतं, हे आता मला डबडं शिकवणार?

त्याच सुमाराला मला सगळे प्रिंट पिवळट दिसायला लागले होते. तो सोमवारी यंत्र लावून सगळं जुळवायचा, मंगळवारी मी प्रिंटरचं पिवळं कमी करून ठेवायचो. गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली. चाकूरच्या एक बाई अल्बम परत घेऊन आल्या. सुनेचा लालभडक शालू राणी कलरचा झालाय म्हणे. मी त्यांनाच सुनावलं, जरा उजेडात धरून बघा म्हणालो.

माझ्या मुलीच्या लग्नाच्या अल्बमला तर मी कुणाला हात लावू दिला नाही. तरी भागीदारानं यंत्राच्या सेटिंगवर तिचा हळदीचा एक फोटो काढून आणला.

"दादा, तुमच्या प्रिंटमधी पोरीच्या अंगावरली हळदच दिसून न्हाई राहिली. हे बघा. मशीन कशाला खोटं बोलंल?"

मला त्या फोटोत पोरगी कावीळ झाल्यासारखी दिसली. कामगारांसमोर मी तो फाडला आणि म्हणालो, "रंग कळत नसतील तर उदगीरला जाऊन तूर विक." महिन्याभरात तो भागीदारी मोडून नांदेडला गेला, तिथं स्वतःची लॅब टाकली.

पुढं माझं मोतीबिंदूचं ऑपरेशनही नांदेडलाच झालं, आधी उजव्या डोळ्याचं. घरी आल्यावर मुलीचा अल्बम उघडला. डावा डोळा मिटला: चेहरे राखाडी, माझ्या वडिलांचं धोतर नीळ जास्त पडल्यासारखं, हळद जवळजवळ नाहीच. उजवा मिटला: सगळं झकास. पुन्हा पुन्हा करून पाहिलं. पिवळं माझ्या डोळ्यात होतं आणि मी ते लोकांच्या लग्नांतून काढत बसलो होतो.

मुलीला फोन केला.

"हाव पप्पा, मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं," ती म्हणाली. "पण तुम्हाला सांगणार कोण?"

लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर लाजेच्या आधी तिचाच राग आला.

दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झाल्यावर मुलीच्या लग्नाच्या फोटोंचा पेनड्राइव्ह घेऊन मी भागीदाराच्या लॅबमध्ये गेलो. माफीचं वाक्य बसमध्ये चार वेळा घोकलं होतं, ते काही तोंडातून निघेना. हळदीचा तो फोटो काढून दे, एवढंच म्हणालो. त्यानं यंत्र स्क्रीनला लावलं, रंग जुळवले, प्रिंट काढून माझ्यासमोर ठेवला. पोरगी हळदीनं माखलेली, हसत होती. मी एक डोळा मिटून पाहिलं, मग दुसरा. दोन्हींनी तशीच दिसली.

"रंग बरोबर हाय ना, साहेब?" त्यानं विचारलं, आणि माझ्या मागं उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाकडे वळला.