हौदातले तांबूस डाग

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी आमच्या यांना रोज पाण्यात चालायला सांगितलं. दारव्ह्यात चालण्याजोगं पाणी कुठून आणायचं? मग तहसीलमधून रिटायर झालेल्या या माणसानं घरामागेच छातीइतका खोल, पांढऱ्या सिमेंटचा तलाव बांधून घेतला. हे त्याला स्विमिंग पूल म्हणत, गल्ली हौद म्हणायची. मी गल्लीच्या बाजूची.

बांधणारा मिस्त्री बोरी अरबकडच्या तांड्यावरचा. कापसाला भाव नव्हता ती वर्षं. त्याचं घर शेतीपेक्षा गवंडीकामावरच चाललेलं होतं. टाकी बांधावी तर त्यानंच, असं आसपासच्या गावांत म्हणत, आणि कामं मिळायची ती त्या नावावरच.

दोन महिन्यांत हौदाच्या तळाला तांबूस डाग दिसायला लागले. यांनी मिस्त्रीला बोलावलं आणि फाटकातच, शेजारीपाजारी ऐकत असताना, आवाज चढवला. "गंजक्या सळ्या घातल्या तुम्ही!"

"साहेब, सळ्या तुमच्यासमोरच उतरवल्या होत्या," एवढंच तो म्हणाला आणि सायकल घेऊन गेला. मी दारातच उभी होते. मलाही यांच्यासारखा सळ्यांचाच संशय होता, म्हणून मध्ये पडले नाही. पुढच्याच आठवड्यात दोन घरं सोडून राहणाऱ्या शेजाऱ्यांनी त्यांच्या टाकीचं काम दुसऱ्याला दिलं.

यांनी हौदात उतरणं सोडलं. गुडघा धरला, आणि गुडघ्यापेक्षा यांची कुरकुर जास्त दुखायला लागली. शेवटी एका सुट्टीला मीच पदर खोचला. पंचवीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, आणि घरचा डाग ओळखता येऊ नये?

पाणी घोट्याइतकं उतरवून मी आत शिरले. सर्दीसाठी आणलेली सी जीवनसत्त्वाची आंबट गोळी एका डागावर ठेवली आणि पायाच्या अंगठ्यानं दाबून धरली. पाच मिनिटांनी पाय उचलला तर गोळीखाली पांढराशुभ्र गोल. हे आम्ल गंज विरघळवतं, म्हणजे डाग लोखंडाचाच. पण कुठल्या लोखंडाचा? आतली सळी गंजली असती तर डाग सळीच्या रेघेनं उमटले असते, गिलावा फुगला असता. हे डाग सगळीकडे पसरलेले होते आणि हौद भरणाऱ्या बोअरच्या पाइपाखाली सगळ्यात गडद.

बोअरचं पाणी बादलीत घेतलं. काचेसारखं स्वच्छ. हौदात टाकायचो तीच ब्लीचिंग पावडर त्यात चिमूटभर टाकली आणि भाजी निवडत बसले. भाजी होईपर्यंत बादलीतलं पाणी तांबूस झालं होतं. लोखंड आमच्या पाण्यातच विरघळलेलं होतं. स्वच्छतेसाठी आम्ही टाकत होतो ती पावडरच ते गंजाच्या रूपात बाहेर काढत होती आणि तो गंज तळाला बसत होता.

तेव्हा मला आठवलं. काम चालू असताना मिस्त्रीनं एकदा कपात बघून विचारलं होतं, "बाई, चहा काळा काहून दिसते? पाणी पाहून घ्या एकदा." मला वाटलं, हा माझ्या चहाला नावं ठेवतोय. दुसऱ्या दिवशी मी दूध वाढवलं. हिरड्याच्या पाण्यात लोखंड गेलं की शाई होते, हे मी दरवर्षी वर्गात करून दाखवायची. चहातही हिरड्यासारखंच टॅनिन असतं, तिथंही तेच होतं. मला माझीच भयंकर लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी तांड्यावर गेले. मिस्त्रीच्या अंगणातली पाण्याची टाकी एका बाजूनं फोडलेली होती आणि त्याची बायको हातपंपावरून घागरी आणत होती. मी सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं.

"साहेब बोलले तवापासून मले झोप नोती," तो म्हणाला. "हे टाकी बी माह्याच हातची, तशाच सळ्यांची. म्हटलं, खरंच चुकलो असन तर? म्हणून फोडून पाह्यली."

मी वाकून पाहिलं. सळीला गंजाचा ठिपकाही नव्हता.

घरी येऊन यांना सांगितलं. हे वाद घालतील असं वाटलं होतं. म्हणून मी उपायच सांगायला घेतला. बोअरचं पाणी आधी ड्रममध्ये घ्यायचं, पावडर तिथंच टाकायची, एक दिवस गाळ बसू द्यायचा, मग वरचं पाणी, तेलकटपणा जावा म्हणून सोड्यात उकळलेल्या कापसातून गाळून हौदात सोडायचं. कापसाला काय तोटा, घरोघरी पडून आहे.

"ते नंतर," हे म्हणाले.

रविवारी यांनी ऑटो बोलावला, काठी घेतली, आणि त्या शेजाऱ्यांनाही सोबत बसवलं. तांड्यावर पोचलो तेव्हा मिस्त्री टाकीचं भगदाड बुजवत होता. माणसं गोळा झाली. हे टाकीजवळ जाऊन उभे राहिले आणि फाटकात काढला होता तेवढ्याच मोठ्या आवाजात म्हणाले, "दोष माझ्या पाण्याचा होता. मिस्त्रीचं काम चोख आहे. मी चारचौघांत बोललो, ते चुकलं माझं."

मिस्त्रीनं मान वर केली नाही. थापी चालूच होती. हे काठी टेकून तिथंच उभे राहिले आणि मला एकदम रडू आलं.

"साहेब," थापीवर सिमेंटचा माल घेत तो म्हणाला, "जरा बाजूले सरा. माल सुकून राह्यला."

हे बाजूला सरले.