गंगुबाईंच्या छातीतला डाग

गंगुबाई मेश्राम यांना टीबी होऊन गेलाय, हे फरीदाबादच्या त्यांच्या सोसायटीत ज्याला ठाऊक नसेल तो नवा भाडेकरू समजावा. त्यालाही फार थांबावं लागत नाही. सामान लागायच्या आत गंगुबाई वाटीभर भाजी घेऊन दारात हजर होतात, मुलाबाळांची चौकशी करतात आणि पुढ्यातला चहा संपायच्या आत सांगून मोकळ्या होतात, "मेरेको टीबी हुआ था. एकदम बडावाला." लोक चारधाम करून आल्याचं सांगतात, अगदी त्या थाटात. नवा भाडेकरू आपला कप हळूच बाजूला सरकवतो, तेव्हा त्या खदखदून हसतात आणि म्हणतात, "डरो मत, जमाना हो गया."

ही नुसती बढाई नव्हती बरं का. बढाईचा उपयोग होता. टीबी म्हटलं की लोकांच्या तोंडाला कुलूप लागतं. सून खोकत राहते, सासू म्हणते हवा खराब आहे, नवरा म्हणतो दिल्लीत कोण खोकत नाही. अशा बायका बरोबर गंगुबाईंकडे यायच्या, कारण अख्ख्या वस्तीत उघडपणे बोलणारं तोंड हे एकच. गंगुबाई त्यांना मनगटाला धरून सरकारी दवाखान्यात न्यायच्या. "सासूला कळेल हो," म्हणून एक रडायला लागली, तेव्हा त्या म्हणाल्या, "कळू दे. तिलाही तपासून आणू." आणि आणलंही.

त्या मूळच्या हिंगणघाटकडच्या. अर्जुनराव केंद्र सरकारच्या एका खात्यात कारकून लागले आणि लग्न होऊन गंगुबाई दिल्लीच्या सरकारी क्वार्टरमध्ये आल्या. तिथेच दुखणं लागलं. मुलगा धम्मदीप तेव्हा शाळेत जात होता आणि लुंबिनी नुकती दुडुदुडु धावायला लागली होती. लहान पोरीला लागण नको म्हणून अर्जुनरावांची बहीण आली आणि लुंबिनीला गावी घेऊन गेली. गंगुबाईंनी दवाखान्यातल्या सिस्टरसमोर उभं राहून गोळ्या गिळल्या, एकही दिवस चुकवला नाही, आणि ठणठणीत झाल्या. गोष्ट इथपर्यंत त्या साऱ्या जगाला सांगतात.

यापुढचं मात्र कुणाला सांगत नाहीत. लुंबिनी परत आली ती आत्याच्या कडेवर. गंगुबाईंनी हात पुढे केले, तर पोरीने आत्याच्या मानेत तोंड खुपसलं आणि तिलाच 'आई' म्हणून हाक मारली. पुढे ओळख झाली, लाड झाले, भांडणं झाली, सगळं रीतसर झालं. पण ते हात तसेच पुढे राहिले होते, हे गंगुबाई विसरल्या नाहीत.

आता ती लुंबिनी कॅनडात, कॅल्गरीला. नवरा-बायको दोघंही नोकरीवाले, आणि लुंबिनीला दिवस गेलेले. "आई, तू आणि बाबा यायलाच पाहिजे," असं तिने एकदा म्हटलं, आणि गंगुबाईंनी दुसऱ्या दिवसापासून स्वेटर विणायला घेतले. तीन झाल्यावर अर्जुनरावांनी विचारलं, "किती मुलं होणार आहेत तिला?" आईवडिलांना जास्त दिवस राहता येईल असा व्हिसा मिळतो, पण त्यासाठी कॅनडा सरकारने नेमलेल्या डॉक्टरांकडे तपासणी करावी लागते. छातीचा एक्स-रे हा त्यातला मुख्य भाग. हे कळलं आणि धम्मदीप फोन घेऊन बसला.

धम्मदीप दिल्लीतच वाढलेला. त्याला प्रत्येक सल्ला व्हॉट्सअॅपवर मिळतो आणि तो खरा वाटतो. कुणाच्या तरी काकांचा व्हिसा टीबीमुळे कायमचा गेला, असं कुणीतरी लिहिलं होतं. तपासणीच्या दिवशी गाडी बदरपूरच्या पुढे गेली तसा तो म्हणाला, "आई, प्लीज. आज टीबीचं नाव काढायचं नाही. बिल्कुल नाही."

"आणि विचारलं तर?"

"नाही म्हणायचं. यार आई, एक दिवस गप्प बस ना. लुंबिनीसाठी."

लुंबिनीचं नाव निघालं आणि गंगुबाई गप्प बसल्या. दक्षिण दिल्लीतल्या त्या क्लिनिकच्या दारापर्यंत त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. अर्जुनरावांनी दोनदा विचारलं, "बरं वाटत नाही का?"

आत गेल्यावर न्याय कसा असतो बघा. जन्मभर विड्या ओढलेल्या अर्जुनरावांची छाती धुतल्या तांदळासारखी निघाली. ते इतके खूश झाले की खाली जाऊन एक विडी ओढून आले. आणि जिने कधी सुपारीचं खांडही तोंडात टाकलं नाही, त्या गंगुबाईंना पुन्हा आत बोलावणं आलं. त्यांच्यासोबत धम्मदीपही घुसला.

डॉक्टर भसीन म्हणजे तरुण, चटपटीत बाई. त्यांनी विचारलं, "आंटी, आपको कभी टीबी हुई थी?"

"नहीं नहीं, कभी नहीं," धम्मदीप म्हणाला. प्रश्न त्याला नव्हता, पण चोराच्या मनात चांदणं.

डॉक्टरबाईंनी स्क्रीन त्यांच्याकडे फिरवला. उजव्या बाजूला वर एक पांढरा, सुरकुतलेला डाग होता. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही. गंगुबाई खुर्ची ओढून पुढे सरकल्या. जन्मभर जिची कहाणी सांगितली ती वस्तू त्या पहिल्यांदाच अशी निरखून पाहत होत्या. मग दिलेला शब्द, मुलगा, व्हिसा, सगळं विसरून त्यांनी टेबलावर थाप मारली. "हुआ था! एकदम बडावाला!" आणि हिंगणघाटापासून सुरुवात केली.

धम्मदीपने डोळे मिटून घेतले. डॉक्टरबाई मात्र हसत ऐकत राहिल्या. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी धम्मदीपला म्हटलं, "तुम्ही मघाशी जे बोललात ते मी ऐकलंच नाही, असं समजा." असं त्या हिंदीतच म्हणाल्या, पण मतलब एवढाच. मग त्यांनी नीट समजावून दिलं. एकेकाळी टीबी झाला होता म्हणून व्हिसा अडत नाही. लपवलं आणि उघडकीला आलं तर मात्र नक्की अडतो. आता फक्त एक बघायचं, त्या डागात जंतू अजून जिवंत आहेत की नाहीत. त्यासाठी लागोपाठ तीन सकाळी बेडका द्यायचा. प्रयोगशाळेत तो दोनेक महिने ठेवतात, काही उगवतंय का बघतात. नाही उगवलं की मोकळ्या. तिकडे पोचल्यावर तिथलं आरोग्य खातं एकदा तपासायला बोलावेल, इतकंच.

"बघ," गंगुबाई गाडीत धम्मदीपला म्हणाल्या. "खरं बोललं की काम सोपं होतं."

तोंडाने असं म्हणाल्या खऱ्या, पण 'जिवंत' हा शब्द त्यांच्या मनातून जाईना. इतकी वर्षं त्या ज्याला मेलेला समजून त्याच्या नावाने हसत होत्या, तो आत दबा धरून बसला असेल तर? व्हिसाचं एक वेळ राहू द्या. तान्ह्या बाळाला छातीशी धरायचं, आणि छातीत हा? त्या संध्याकाळी त्यांनी आपला चहाचा कप वेगळा विसळून खिडकीत पालथा घातला. अर्जुनरावांनी तो पाहिला आणि उचलून बाकीच्या कपांत ठेवून दिला.

दुसऱ्या सकाळी बेडक्याची मोहीम सुरू झाली. डिसेंबरातली दिल्ली. धूर, धुकं, थंडी. अख्खं शहर खोकत होतं. रिक्षावाला खोकत होता, क्लिनिकचा चौकीदार खोकत होता, नमुने घेणारी सिस्टर खोकत होती. एकट्या गंगुबाईंना खोकला येईना. मोकळी हवा लागते म्हणून गच्चीवर खुर्च्या मांडल्या होत्या. तिथे बसून त्यांनी जोर लावला, घसा खरवडला, डोळ्यांत पाणी आणलं, आणि डबीत थोडंसं काहीतरी टाकलं.

सिस्टरने डबी उजेडात धरली. "आंटी, ये तो थूक है. बलगम चाहिए. अंदर से."

"अंदर कुछ हैही नहीं तो क्या करू?" गंगुबाई रडकुंडीला आल्या. सुंठीवाचून खोकला गेल्याचं त्यांनी ऐकलं होतं. नसलेला खोकला आणायचा कसा, हे कुणी शिकवलं नव्हतं. अर्जुनरावांना बायकोची दया आली. त्यांनी दोन ढंगदार खोकले काढून दाखवले आणि सिस्टरला अदबीने विचारलं, "मेरा चलेगा क्या?" सिस्टरने त्यांना जिन्याचा रस्ता दाखवला.

पलीकडच्या खुर्चीवर तोंडाला रुमाल लावून एक तरुण मुलगी बसली होती. जसविंदर तिचं नाव, पानिपतची. नवरा कॅनडात ट्रक चालवत होता आणि ती त्याच्याकडे निघाली होती. कॉलेजात असताना तिलाही टीबी झाला होता, पण सासरी कुणाला पत्ता नव्हता. आज सासू सोबत आली होती, खाली बसली होती, आणि सुनेला गच्चीवर का नेलं म्हणून विचारत होती. एवढं सांगेपर्यंत पोरीला हुंदका फुटला.

"पानिपतची आहे म्हणे," जिन्याच्या दारात रेंगाळलेले अर्जुनराव मराठीत पुटपुटले. "आज आपलंही पानिपत होणार असं दिसतंय."

गंगुबाईंना आपलं दुखणं विसरायला एवढं पुरे होतं. समोर रडणारी बाई आणि टीबी, म्हणजे त्यांच्या हक्काचा इलाका. "रोती कायको है?" त्या लांबूनच ओरडल्या. "औषध पूरा खाया था ना? फिर? चोरी थोडी की है! तेरी सास को मैं बतायेगी. मेरे साथ तो बहोत सासा रो के गयी है." मग त्यांनी आपल्या सगळ्या सासवा एकेक करून सांगितल्या. दवाखान्याच्या रांगेत घूंघट ओढून सुनेच्या नावावर उभी राहिलेली, गोळ्या गादीखाली लपवणारी. शेवटी नवऱ्याने आत्ता केलेली मागणी, त्याच अदबशीर आवाजात: मेरा चलेगा क्या?

जसविंदर रुमालाआड फिस्सकन हसली. तिचं हसू बघून गंगुबाईंना हसू फुटलं, आणि गंगुबाईंचं हसू म्हणजे पोटातून निघून खांद्यापर्यंत हलवणारं. हसता हसता श्वास अडकला, ठसका लागला, ठसक्यातून खोकला आला, आणि तो खोकला असा खोल, असा अस्सल की सिस्टर डबी घेऊन धावतच आली. पलीकडे जसविंदरलाही तसाच ठसका लागला होता.

"बस, यही चाहिए था," सिस्टर म्हणाली. उरलेल्या दोन्ही सकाळी तिने दोघींच्या खुर्च्या मुद्दाम एकमेकींना दिसतील अशा ठेवल्या. जसविंदरच्या सासूला गंगुबाईंनी चहा पाजून सगळं सांगितलं. सासूबाईंनी चहा संपवला, मग म्हणाल्या की त्यांच्या सख्ख्या भावालाही झाला होता. घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही.

मग आले वाट पाहायचे दिवस. त्या दिवसांत गंगुबाईंची कहाणी सोसायटीत कुणी ऐकली नाही. नवे भाडेकरू आले, त्यांना भाजी मिळाली, पण टीबी मिळाला नाही. लोकांना चुकल्याचुकल्यासारखं झालं. स्वेटर विणायचे थांबले होते. लुंबिनी फोनवर विचारायची, "आई, तू अशी गप्प का?" आणि गंगुबाई म्हणायच्या, "थंडी फार आहे गं." फेब्रुवारीत थंडी सरली तरी हेच.

निकाल सांगायला क्लिनिकने बोलावलं तेव्हा तिघंही गेले. डॉक्टर भसीन दारातच हसल्या. काही म्हणजे काही उगवलं नव्हतं. रिपोर्ट पुढे पाठवलाही होता. धम्मदीपने आईला मिठी मारली, अर्जुनरावांनी उगाचच डॉक्टरबाईंना सलाम ठोकला.

गंगुबाईंनी व्हिसाचं काहीच विचारलं नाही. खुर्चीच्या टोकावर बसून त्यांनी हळूच विचारलं, "तो बच्चे को ले सकती है ना? ऐसा... छाती से?"

"क्यों नहीं? खुशाल." डॉक्टरबाईंना नवल वाटलं. मग त्यांच्या लक्षात आलं, आणि आवाज मऊ झाला. "आंटी, तब भी ले सकती थीं. औषधं सुरू होऊन काही आठवडे झाले आणि थुंकी साफ आली की लागण होत नाही. इतके महिने बेटीला लांब ठेवायची गरज नव्हती. आपको किसीने बताया नहीं?"

कुणी सांगितलं नव्हतं. ज्या बाईने अर्ध्या वस्तीला टीबी समजावला, तिला हे एवढंच कुणी सांगितलं नव्हतं. गंगुबाई बाहेर येऊन बाकावर बसल्या आणि रडल्या. दुःख होतं, सुटका होती, सगळं एकदमच होतं. धम्मदीपने लुंबिनीला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन आईच्या हातात दिला.

कॅल्गरीत झोपायची वेळ होत आली होती. केस मोकळे सोडलेली, पोट सांभाळत बसलेली लुंबिनी आईचा चेहरा बघून घाबरलीच. "काय झालं? नाही म्हणाले का?"

गंगुबाईंनी सांगितलं. आधी निकाल सांगितला. मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, कहाणीचा राहिलेला भाग सांगितला: गाव, आत्या, मानेत खुपसलेलं तोंड, आणि आज डॉक्टर काय म्हणाल्या ते. "मला घेता आलं असतं गं तुला," त्या म्हणाल्या. "मी उगीचच नाही घेतलं."

लुंबिनीने फोन जवळ ओढला. मग डोळे पुसत हसायला लागली, अगदी आईसारखी, खांदे हलवत.

"मग लवकर ये," ती म्हणाली. "आणि आधी मला घे. बाळ थांबेल."

गंगुबाईंनी तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. जन्मभर बोलत आलेल्या बायकोची अशी अवस्था पाहून अर्जुनरावांनी फोन आपल्या हातात घेतला.

"घेते म्हणतेय," ते म्हणाले.