आचऱ्याच्या कपाटातली शेवटची डिस्क

आमच्या कारखान्यात हार घालायला बंदी असलेलं एकच यंत्र आहे, आणि ती बंदी घालणारा माणूस स्वतः हार घालून भिंतीवर बसला आहे.

या अन्यायाविरुद्ध दाद कुठे मागायची, हे शास्त्रात सापडत नाही. मी शोधलं.

दसऱ्याला आमच्याकडे काजू फोडायच्या यंत्राला हार, वजनकाट्याला हार, टेम्पोला हार. गेटच्या कुलपालासुद्धा एक झेंडू.
फक्त कोपऱ्यातला सर्व्हर बोडका.

कारण पहिल्या वर्षी बायकोने त्याला चांगला जाडजूड हार घातला होता. दुपारपर्यंत तो तापून आपला आपणच बंद पडला. दिवाळीच्या ऑर्डरी तोंडावर, आणि बिलं ठप्प.

सर्व्हर बसवून देणारा सतीश आचऱ्याहून स्कूटरवर आला. हवेच्या जाळीवरचा हार उचलून माझ्यासमोर धरला.

"पंडितानू, ह्येचा नाक खंय आसा ता ठावक आसा? थयच झेंडू कोंबलात!"

संस्कृत घेऊन एमए झालो आणि काजूच्या धंद्यात पडलो, म्हणून मी त्याचा 'पंडितानू'. आयुष्यभर.

सतीशला जाऊन आज वर्ष झालं.

देवगडपासून दोडामार्गपर्यंत छोट्या धंदेवाल्यांना लिनक्सचे सर्व्हर बसवून द्यायचा. औषधाचं दुकान, केळ्यांचा व्यापारी, बर्फाचा कारखाना. ज्यांना मोठ्या कंपनीचा माणूस विचारत नाही आणि ज्यांना मोठी कंपनी परवडत नाही, असे आम्ही सगळे.

मी आधी मुंबईहून एक मशीन पसंत केलं होतं. काचेचं पोट, आत रंगीत दिवे. फोटो दाखवला.

"ह्यो काय, दिवाळीचो कंदील? खाऱ्या वाऱ्यान वर्साभरात गंजतलो."

"मग नवीन दुसरं सांग."

"नवीन घेवच नकात. नव्याची खोड आजून कोणाक म्हायत नसता. जुन्याची सगळ्या जगाक म्हायत आसता."

पुण्यामुंबईच्या ऑफिसांनी काढून टाकलेले सर्व्हर तो आणायचा. दिसायला ट्रंकेसारखे. पण मेमरी अशी, की छोटी चूक आपली आपण सुधारते. (हा गुण मला माणसांत फार आढळलेला नाही.) आत दोन डिस्क, दोन्हींवर तेच लिहिलेलं. आणि लिनक्सला त्यातला प्रत्येक भाग आधीच ओळखीचा.

बसवून झालं की त्याची एक परीक्षा असे. चहा मागवायचा, कपाला तोंड लावायचा, आणि बिल चालू असताना एक डिस्क सरळ ओढून बाहेर काढायचा.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या तोंडून 'शान्तं पापम्' बाहेर पडलं.

"बिल थांबला काय?"
"नाही."
"मगे च्या पिया."

पण त्याची खरी हुशारी वेगळीच होती.
त्याने आम्हा सगळ्यांना एकच मॉडेल दिलं. एकूण एक गिऱ्हाईक सगोत्र. म्हणजे पंखा असो, डिस्क असो, पॉवर सप्लाय असो, एकाचं दुसऱ्याला चालणार. जास्तीचे भाग त्याच्या घरी, माजघरातल्या लोखंडी कपाटात. ओल धरू नये म्हणून प्रत्येक खणात भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी.

तो गेला तेव्हा जामसंड्याच्या औषधवाल्याने रडत रडत मला फोन केला. शेवटी म्हणाला, "आता बंद पडला तर कोणाक सांगूचा?"

बंद पडलंच. पण कपाट होतं.
फोन सतीशची बायको, वैशालीवहिनी, उचलायच्या. "येवा, आसा हय."

वर्षभर कोणी ना कोणी आचऱ्याला जात राहिलं. जामसंड्याचा पंख्यासाठी. दोडामार्गचा पॉवर सप्लायसाठी, येताना केळ्यांचा घड घेऊन. पाच मिनिटांचं काम, पण वहिनी चहा टाकायच्या आणि मग सतीशच्या गोष्टी निघायच्या. तासाभराने माणूस उठायचा.

गेल्या आठवड्यात माझ्या एका डिस्कचा दिवा लाल झाला. दुसरीवर काम चालू होतं. तरी गेलो.

वहिनींनी कपाट उघडलं. खण रिकामे. तांदळाच्या पुरचुंड्या तेवढ्या रांगेत.

"भावोजी, ही शेवटची."

"मग दुसऱ्या कोणाला लागली तर?"

"आता सगळ्यांनी दुसऱ्या मशिनी बघा. हे स्वतःच म्हणायचे, ह्या मशिनींका किती ओढशात?"

चहा झाला. खाजं झालं. सतीश मला पाठीमागे काय काय म्हणायचा ते त्यांनी सांगितलं. ते इथे लिहिण्यासारखं नाही. बऱ्याच दिवसांनी दोघंही पोटभर हसलो.

फाटकापर्यंत सोडायला आल्या.
"कपाट रिकामा, आता कित्याक येतलात तुमी?"

हसतच म्हणाल्या. मीही हसलो. स्कूटरला किक मारली.

सतीश, डिस्क बसवली. दिवा हिरवा आहे. झेंडू लांब आहे.
पुढचं मशीनही तुझ्याच नियमाने घेऊ, जुनं, जोडीच्या डिस्कचं, आणि सगळ्यांना एकच. जामसंडे आणि दोडामार्ग, दोघांशी बोललो आहे. त्याची चिंता करू नकोस.

तुला माझा नमस्कार. हाराशिवाय.

यंत्राची काळजी मला नाहीच रे. आम्ही सगळी कामाशिवाय कोणाच्या दारात न जाणारी माणसं. कपाट रिकामं झालं आहे, आणि मला भीती वाटते, की आता आचऱ्याला कोणी जाणार नाही.

मीसुद्धा.