अक्काच्या पाळीचा कॉम्प्युटर

सुप्याच्या एका कारखान्यात मी मशीनच्या देखभालीचं काम करतो. गेले काही महिने जेवणाच्या सुट्टीत डबा संपला की मी खिशातून एक कागद काढतो. त्यावर तीन चौकोन आहेत. तीन चौकोन म्हणजे मला जमवायचे असलेले तीन जुने कॉम्प्युटर, आणि प्रत्येकावर त्या-त्या काळातले खेळ. पहिला फ्लॉपीवर चालणारा, काळ्या पडद्याचा. दुसरा सीडीचा, जाड काचेच्या मॉनिटरचा. तिसरा आमच्या कॉलेजच्या वेळचा, चार मित्र शेजारी बसून एकमेकांवर गोळ्या झाडायचे तसा. कोणत्या चौकोनात कोणता कीबोर्ड, कुठले स्पीकर, हे मी इतक्या वेळा खोडून लिहिलंय की कागदाला भोक पडलं.

बायको म्हणाली, "अहो, हे सगळे खेळ मोबाईलवर मिळतात ना?"

"मिळतात."

"मग ते जुने डबे आणून कपाटाची जागा कशाला अडवायची?"

जुना गाडीचा खेळ मी लॅपटॉपवर लावून पाहिला होता. लॅपटॉप इतका वेगवान की बोट उचलायच्या आत गाडी ट्रकवर आपटत होती. हे मी तिला सांगितलं. पण खरं कारण माझी मोठी बहीण होती.

आमचं गाव पाथर्डीकडचं. आई-वडील दरवर्षी ऊसतोडीला जायचे. मी सातवीत आणि अक्का नववीत असताना शाळेत एकच कॉम्प्युटर आला. त्याच्या खोलीत चपला काढून जायचं. दर शनिवारी हजेरीच्या क्रमांकाप्रमाणे पाच जणांची पाळी यायची. आधी सर दोन-चार आज्ञा टाइप करायला लावायचे आणि शेवटची दहा मिनिटं गाडीचा खेळ देत. माझी पाळी श्रावणातच आली. अक्काची यायची होती दिवाळीनंतर.

त्या वर्षी आईचं दुखणं निघालं आणि कोपीवर, म्हणजे तोडीच्या मुक्कामातल्या झोपडीवर, भाकरी करायला हाताखाली कुणीतरी हवं होतं. मला मामाकडे ठेवलं, अक्काला सोबत नेलं. ती परत शाळेत गेली नाही. मी शिकलो, आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. याबद्दल तिनं मला आजवर एका शब्दानं टोचलेलं नाही. गाडीचा खेळ कसा असतो, एवढं मात्र तिनं मला त्या उन्हाळ्यात दहा वेळा विचारलं होतं.

म्हणून कागदावरचा पहिला चौकोन तिचा होता. ती आणि दाजी अजून तोडीला जातात. यंदा साखर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की गावाकडे जाताना दोन दिवस माझ्याकडे राहणार होती. तोवर कॉम्प्युटर चालू व्हायला हवा होता. पुढं वर्षभर ती सुप्याला फिरकणार नव्हती.

आमचे कॉम्प्युटरचे सर निवृत्त होऊन आता शेवगावला राहतात. मी फोन केला आणि भीतभीत विचारलं, तसला एखादा कॉम्प्युटर कुठं मिळेल का. सर म्हणाले, "तसला कशाला? तोच घेऊन जा. शाळेनं भंगारात काढला तेव्हा रीतसर कागद करून मी घरी आणला. माळ्यावर आहे."

त्या रविवारी मी शेवगावला एसटीनं गेलो आणि येताना जीपची पुढची सीट धरून तो मांडीवर आणला. ड्रायव्हर म्हणाला, "एवढं जपून तर कुणी नवरी आणत न्हाई." मला काही वाटलं नाही. मी मांडीवरच्या त्या पिवळट पत्र्यावर हात ठेवून बसलो होतो.

घरी आल्यावर वीज जोडली. पंखा फिरला, पडद्यावर अक्षरं उमटली. मी खुर्चीवरून उठूनच उभा राहिलो. पण सरांनी सोबत दिलेली खेळाची फ्लॉपी घातली तर नुसता करकर आवाज. दुसरी घातली, तिसरी घातली, तेच. अक्का यायला चार दिवस उरले होते.

शेवटी फ्लॉपीचा भाग स्क्रू काढून वेगळा केला. आत तांदूळ होते. चांगले पन्नासेक दाणे, हळदीनं पिवळे पडलेले, आणि जिथं फ्लॉपी वाचली जाते तिथं कुंकवाचा सुकलेला थर. मी सरांना फोन लावला. ते हसले.

"कॉम्प्युटर आला त्याच वर्षी खंडेनवमीला पूजा केली होती. सगळ्या यंत्रांना अक्षता वाहतात, मग याला कुठं वाहायच्या? मीच म्हणालो, तोंड दिसतंय तिथं वाहा. दसऱ्यानंतर फ्लॉपी चालेना, तेव्हा मी फ्लॉपीलाच दोष दिला. त्यानंतर मग कुणालाच खेळता आलं नाही."

मी लगेच अक्काला फोन केला. ती उसाच्या फडात होती, मागं कोयत्यांचे आवाज येत होते. तांदळाचं सांगितलं तर म्हणाली, "आरं, ते मीच घातलं. सर म्हनले पोरींनी घाला. मी मूठभर घातलं, म्हनलं आपला नंबर लवकर लागंल."

"लई घातलेस का?" मी विचारलं.

"मग? देवाला कुनी मोजून घालतं व्हय?"

कान कोरायच्या कापसाच्या काड्या आणि स्पिरिट घेऊन मी दोन संध्याकाळी तो भाग पुसला. तिसऱ्या दिवशी फ्लॉपी घातली. करकर झाली, थांबली, आणि पडद्यावर तीन पट्ट्यांचा रस्ता आला. मी आनंदानं ओरडलोच. बायको स्वयंपाकघरातून धावत आली, तिला वाटलं मला शॉक बसला.

अक्का आली ती हातपाय धुऊन सरळ कॉम्प्युटरच्या खोलीत. खुर्चीच्या कडेवर बसली. तीन सेकंदांत गाडी आपटली.

"मेली व्हय?"

"व्हय. परत सुरू कर."

दाजी दारात उभे होते. "बैलगाडी हाकती तशी हाक की."

"गप बसा वं, ट्रक आलाय."

पाचव्या खेपेला तिनं सात ट्रक चुकवले. चहावर साय धरली. दाजी दोनदा खोकले, मग म्हणाले, "आमाला बी द्या की जरा."

"तुमी त्या दुसऱ्यावर खेळा," ती मान न वळवता म्हणाली.

तिन्ही कॉम्प्युटरचं मी तिला फोनवर सांगितलं होतं, पण दुसरा तर अजून कागदावरच होता. मी बाहेर ओट्यावर गेलो आणि जाड काचेचा मॉनिटर विकायला काढलेल्या माणसाला फोन लावला.