भुरीचे दोन अहवाल

एकतीस वर्षं दुकानांतले वजनकाटे तपासून निवृत्त झालेल्या त्या गृहस्थांना सगळी इमारत मागून 'तागडीकाका' म्हणायची. नोकरीत असताना ते जुना शर्ट घालून साध्या गिऱ्हाइकासारखे दुकानात शिरायचे, किलोभर साखर घ्यायचे आणि बाहेर येऊन स्वतःच्या वजनांवर पुन्हा तोलायचे. नोकरी सुटली, पण ती नजर काही सुटली नाही. दूधवाल्याच्या मापापासून डॉक्टरच्या थर्मामीटरपर्यंत त्यांचा कशावरच विश्वास नव्हता.

त्यांची मुलगी दवाखान्यात नर्स होती. एकदा ड्यूटीवरून येताना ती रस्त्यावरची एक कुत्री घेऊन आली. रुंद छाती, आखूड केस, मातकट रंग. तिचं नाव पडलं भुरी. महिन्याभरातच तळमजल्यावरचे सेक्रेटरी दारात उभे राहिले.

"ही पिटबुलच्या जातीची दिसतेय. असली कुत्री इमारतीत चालत नाहीत. नसेल तर तसा पुरावा द्या."

मुलीने डीएनए चाचणीचा संच मागवला. भुरीच्या गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली, अर्ज भरला, सोबत फोटो जोडला आणि पाठवून दिलं. तीन आठवड्यांनी अहवाल आला. लॅब्राडोर शेहेचाळीस टक्के, शेफर्ड एकतीस, बाकी सरमिसळ. पिटबुल शून्य.

"सुटलो!" मुलगी म्हणाली. "आजच देऊन येते."

"थांब." काकांनी चष्मा पुसला. "आपल्याला हवं होतं नेमकं तेच कसं आलं?"

"कारण ते खरं आहे, बाबा."

"मग फोटो कशाला मागितला? थुंकी तपासणाऱ्याला तोंड बघून काय करायचंय?"

शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. हे लोक फोटो बघून अंदाजे आकडे ठोकत असणार. काकांनी अहवाल कपाटात टाकून कुलूप लावलं आणि मुलगी कामावर गेल्यावर गुपचूप त्याच लॅबकडून दुसरा संच मागवला. नमुना भुरीचाच घेतला, पण अर्जावर नाव घातलं 'राजा', लिंग 'नर' आणि फोटो लावला बेकरीवाल्याच्या केसाळ, बुटक्या कुत्र्याचा. पाकिटाच्या चिकटपट्टीवर स्वतःची सही ठोकली, म्हणजे वाटेत कोणी उघडलं तर कळावं. मग ते कळणार कुणाला, हे मात्र त्यांच्या लक्षात आलं नाही.

महिना उलटायच्या आत लॅबमधून फोन आला. पलीकडे एक बाई होत्या.

"काका, काहीतरी घोळ झालाय. तुम्ही नर लिहिलंय, पण नमुना मादीचा आहे. आणि आधी आलेल्या भुरीच्या नमुन्याशी तो तंतोतंत जुळतोय. काड्यांची अदलाबदल झाली का?"

आयुष्यभर दुसऱ्यांची लबाडी पकडलेला माणूस खोट्या अर्जासकट सापडला होता.

"झाली असेल," ते पुटपुटले. "पण तो फोटो कशाला मागता हो?"

"अहवालाच्या पहिल्या पानावर छापायला. लोकांना आवडतं."

फोन ठेवल्यावर तरी माणसाने गप्प बसावं? संध्याकाळी मुलगी घरात पाऊल टाकते न टाकते तोच त्यांनी विचारलं, "पिटबुल नको म्हणून लॅबवाल्यांना तू आधीच फोन केला होतास का?"

"कसला फोन?" तिला सगळं कळेपर्यंत पाच मिनिटं गेली. मग ती हळूच म्हणाली, "कुत्रीवर नाही, लॅबवर नाही, तुमचा संशय माझ्यावर आहे." ती आत निघून गेली. पुढचे चार दिवस ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलली, आणि काकांना घर खायला उठलं.

पाचव्या दिवशी 'राजा'च्या नावाचा अहवालही टपालाने आला, तेव्हा ते भुरीला घेऊन स्वतः तळमजल्यावर गेले. दोन्ही अहवाल पुढे ठेवले आणि काहीही न लपवता सगळी हकीकत सांगितली.

सेक्रेटरींनी कागद उलटसुलट केले. "एका कुत्रीचे दोन अहवाल? त्यातही एक खोट्या नावाचा? यावर मी कसा विश्वास ठेवू?"

समोरच्या डोळ्यांतली ती नजर काकांच्या चांगलीच ओळखीची होती. आजवर ती ते दुकानदारांवर रोखत आले होते. आपल्यावर रोखली की ती किती टोचते हे त्यांना आज कळलं.

"बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. संचातली उरलेली काडी त्यांनी पुढे केली. "नमुना तुम्ही घ्या. पाकीट तुम्हीच पाठवा. मी हातही लावत नाही."

सेक्रेटरी बिचकले. पण आता माघार कशी घेणार? त्यांनी भीत भीत भुरीचा ओठ वर केला, काडी आत घातली आणि मोजून तीस सेकंद फिरवली. भुरी तोंड उघडं ठेवून निमूट बसली. काडी बाहेर आल्यावर तिने त्यांचं मनगट चाटलं आणि त्यांच्या पायावरच अंग टाकलं.

बराच वेळ सेक्रेटरींनी पाय हलवला नाही.

"राहू दे," शेवटी ते म्हणाले. "पहिला अहवाल फाइलला लावतो. मात्र जिन्यात पट्टा हवा."

वर आल्यावर काकांनी मुलीला निकाल सांगितला. मग दाराची चौकट धरून उभे राहिले. "तुला तसं विचारायला नको होतं. चुकलं माझं."

तिने पुढ्यातलं ताट बाजूला सरकवलं आणि त्यांना बसायला जागा केली.